अधांतरींची झोंप

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण ज्या कोणा अनुभवी पुरुषानें प्रथम उच्चारली, त्यानें विमानाचा प्रवास केला नव्हता, एवढें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. दमलेल्या माणसास दगडाची उशीहि चालते हें खरें. परंतु धोंड्यापाशीं एक मोठा गुण असतो. त्यावर डोकें टेकलें कीं उरलेला देह हवा तसा पसरतां येतो. विमानांतील खुर्चीस गादी असते, पाठीस टेकण असतें, चिमुकली उशी आणि पातळ पांघरूण हेंहि मिळतें. फक्त देह पसरण्याची तेवढी सोय नसते. पुढच्या खुर्चीची पाठ आपल्या गुडघ्यांना येऊन भिडते, आणि एका रांगेपासून दुसऱ्या रांगेपर्यंतच्या तीस-बत्तीस इंचांत साडेपांच फुटांच्या गृहस्थानें पंधरा-सोळा तास कसे काढावे, हा भूमितीचा प्रश्न आमच्या पाहण्यांतील कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत सोडवून दाखविलेला नाहीं. विश्वामित्रानें त्रिशंकूस आकाशांत लटकावून ठेविलें, त्याची आम्हांस पूर्वीं फार कींव येत असे. हल्लीं असें वाटतें कीं, तो उलटा कां होईना, पण लांब होऊन तरी लटकला होता!

विषय क्षुल्लक आहे, असें एखाद्या गंभीर वाचकास वाटण्याचा संभव आहे. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, त्यानें एकदां आमच्या सुप्यास यावें. हें सुपा म्हणजे पुणें जिल्ह्यांतलें, शहाजीराजांच्या जहागिरीमुळें इतिहासांत आलेलें सुपें नव्हे. हें पारनेर तालुक्यांतलें, पुणें-नगर हमरस्त्यावरचें. ज्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, त्या जिल्ह्यांतलें. आमच्या लहानपणीं येथें ज्वारी, बाजरी, मेंढरें आणि पावसाची वाट पाहणें यांखेरीज फारसें कांहीं नव्हतें. आतां पठारावर पवनचक्क्या फिरतात, औद्योगिक वसाहतींत जपानी कंपन्यांचीं नांवें वाचावयास मिळतात, आणि जीं घरें नगरच्या बाजारास जाणें यालाच प्रवास समजत, त्या घरांतील मुलेंमुली न्यू जर्सी, टेक्सास, सिडनी येथें संसार थाटून बसलीं आहेत. मुलें तिकडे गेलीं कीं नातवंडें तिकडेच होतात, आणि नातवंड झालें कीं आजीआजोबांना विमानांत बसावें लागतें. ज्यांची उभी हयात अंगणांतल्या बाजेवर पाठ टेकतांच घोरूं लागण्यांत गेली, त्यांना साठीच्या घरांत बसल्या बसल्या झोंपण्याची विद्या नव्यानें शिकावी लागते. तेव्हां हा प्रश्न चैनीचा नाहीं, संसाराचा आहे.

या बाबतींत एका योगायोगाचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. १ जून १९४८ रोजीं सरकारी मोटारसेवेची, म्हणजे सारा महाराष्ट्र पुढें जिला एस. टी. म्हणूं लागला तिची, पहिली गाडी पुणें आणि नगर यांच्या दरम्यान धांवली. अर्थात् ती सुप्याच्या रस्त्यानेंच गेली. पुढच्याच आठवड्यांत, ८ जून १९४८ रोजीं, एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करीत लंडनला गेलें. अवघ्या सात दिवसांच्या अंतरानें जन्मलेल्या या दोघी बहिणी. त्यांपैकीं थोरलीच्या मांडीवर आमची पिढी झोंपेचे पहिले धडे शिकली. कांचा खडखडत, पत्रा थरथरे, धूळ नाकांत जाई, आणि अशा स्थितींत आपली मान शेजारच्या अनोळखी इसमाच्या खांद्यावर बिनदिक्कत पडे. तो इसम तिला मुकाट्यानें आधार देई. थोड्या वेळानें त्याची मान आपल्या डोक्यावर येऊन पडे, आणि हिशेब फिटे. शिरूरच्या स्टँडांत गाडी शिरली कीं दोघेहि सावरून बसत. कोणी कोणाची क्षमा मागत नसे. धाकट्या बहिणीच्या घरीं शेजारी तितकाच जवळ असतो. परंतु खांदा पूर्वींइतका सार्वजनिक राहिलेला नाहीं.

एस. टी.ची झोंप आणि विमानाची झोंप यांत याहूनहि मोठा भेद आहे, तो काळाचा. सुप्याजवळच्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, जे पुढें सेनापति बापट म्हणून प्रसिद्धीस आले, ते १९०४ सालीं शिक्षणासाठीं विलायतेस गेले. त्या काळीं विलायतेस जाणें म्हणजे बोटीनें जाणें, आणि त्यास दोन-तीन आठवडे लागत. बोट पश्चिमेस सरके तसें तिच्यावरचें घड्याळ रोज थोडें थोडें मागें घेत. त्यामुळें समुद्र लागून प्रवाशाचें पोट ढवळलें तरी त्याची रात्र ढवळत नसे. सूर्य आणि देह बरोबरीनें चालत. आज उन्हाळ्यांत सुपा आणि न्यू यॉर्क यांच्या घड्याळांत साडेनऊ तासांचें अंतर असतें, हिवाळ्यांत साडेदहांचें. आणि हें अंतर आपण एका उडीसरशीं ओलांडतों. देह न्यू यॉर्कला पोहोंचतो. त्यांतलें घड्याळ मागें सुप्यांतच राहतें, आणि मग रोज सुमारें एक तास या हिशेबानें रखडत रखडत आपल्या धन्यास गांठतें. यालाच हल्लीं जेट लॅग म्हणतात.

हें देहांतलें घड्याळ म्हणजे कविकल्पना नव्हे. १९३८ सालीं नेथॅनियल क्लाइटमन नांवाचे शिकागोचे प्राध्यापक आपल्या एका शिष्यासह अमेरिकेंतील केंटकी संस्थानांतल्या मॅमथ नांवाच्या प्रचंड गुहेंत महिनाभराहून अधिक काळ राहिले. तेथें सूर्य नाहीं, उष्णतेंत चढउतार नाहीं. चोवीस तासांऐवजीं अठ्ठावीस तासांचा दिवस करून देह तो मानतो कीं काय, हें त्यांना पहावयाचें होतें. शिष्य वीस वर्षांनीं लहान. त्याच्या देहानें नवा दिवस पत्करला. त्रेचाळीस वर्षांच्या गुरुजींच्या देहानें साफ नाकारला. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्या अध्यापकास ही हकीकत वाचून फार धीर आला, हें सांगणें नकोच. पुढें १९८२ सालीं आलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, झोंप दोन गोष्टींच्या संमतीनें येते. एक जाग्रणाचें ऋण. जितका वेळ जागावें तितकें तें चढत जातें. दुसरें हें घड्याळ. सावकार आणि जोशी दोघांचें एकमत झालें म्हणजे मुहूर्त लागतो.

आतां आमच्या भागांतील प्रवाशाची अवस्था पहा. पहांटे उठून त्यानें लोणच्याच्या बरण्या आणि शेंगदाण्याची चटणी यांच्या पिशव्या बांधलेल्या असतात. दुपारीं सुपा सोडावें, पांच-सहा तासांनीं मुंबईचें विमानतळ गांठावें, तेथें तीन तास रांगांतून सरकावें, आणि विमान सुटावें मध्यरात्रीनंतर एक-दीडला. म्हणजे ऋण तुंबलेलें, घड्याळहि ‘नीज’ म्हणतें. दोघांचें पूर्ण एकमत. नेमक्या त्या क्षणीं विमानांतले दिवे लागतात, ढकलगाडी येते, आणि रात्रीं अडीच वाजतां आपणांस विचारण्यांत येतें कीं, शाकाहारी कीं मांसाहारी? आमचें नम्र मत असें कीं, या प्रश्नाचें उत्तर देण्यास जागें राहूं नये. घरची भाकरी विमानतळावरच खाऊन घ्यावी. पुढील पांच-सहा तास ही देहाची सुप्यांतली रात्र आहे; ती जेवणाच्या ताटास विकूं नये. अमेरिकेच्या घड्याळाशीं जुळवून घेण्यास उरलेले नऊ-दहा तास पुरेसे आहेत.

शिवाय त्या उंचीवर जेवण फुगतें, हेंहि पुष्कळांना ठाऊक नसतें. विमान पस्तीस हजार फुटांवर असतां आंतील हवेचा दाब मात्र सहा ते आठ हजार फुटांवर असावा तितका राखलेला असतो. आमच्याच जिल्ह्यांतील कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचें सर्वांत उंच शिखर, सुमारें ५,४०० फूट आहे. तेव्हां आपण रात्रभर कळसूबाईच्या माथ्याहून उंच जागीं बसलेले असतों. तेथें पोटांतला वायु पावपटीनें ते तिसऱ्या हिश्शानें प्रसरण पावतो, प्राणवायु कमी मिळतो, आणि हवेंतला ओलावा शेंकडा वीसाहूनहि खालीं जातो. घसा कोरडा पडून जाग येते ती यामुळें. थोडें थोडें पाणी पीत राहणें हा त्यावर सोपा उपाय. मद्याविषयीं तर तेथें फुकट मिळतें एवढेंच त्याच्या बाजूचें म्हणणें आहे. तें झोंप लवकर आणतें आणि अर्ध्यावर मोडतें, व विरळ हवेंत त्याचा त्रास अधिकच होतो. चहा-कॉफीचा अंमल उतरण्यास कित्येक तास लागतात, म्हणून तीं उतरावयाच्या आधींच्या सकाळीसाठीं राखून ठेवावीं.

राहिली मान. झोंपेचे टप्पे असतात. त्यांतला एक स्वप्नांचा. १९५३ सालीं क्लाइटमन आणि त्यांचा शिष्य अ‍ॅसरिन्स्की यांनीं बंद पापण्यांखालीं डोळ्यांच्या जलद हालचाली होतात हें दाखविलें तो हाच. या टप्प्यांत देहाचे बहुतेक स्नायु निसर्ग मुद्दाम ढिले सोडतो. अंथरुणांत पडलेल्यास त्याची बाधा नाहीं. बसलेल्याची मान मात्र ऐन स्वप्नांत कोसळते, आणि तो दचकून उठतो. खिडकीकडील जागा मिळाल्यास अर्धा प्रश्न सुटतो, कारण भिंत हा न तक्रार करणारा शेजारी आहे, आणि वाट मागण्यासाठीं आपणांस कोणी उठवीतहि नाहीं. स्वच्छतागृहाजवळच्या, मुदपाकखान्याजवळच्या आणि अगदीं शेवटच्या रांगेंतल्या जागा टाळाव्या. पंखांजवळ धक्के कमी लागतात. खुर्ची जितकी मागें कलेल तितकी कलवावी. कमरेचा पट्टा पांघरुणावरून बांधावा, म्हणजे तो दिसतो आणि तपासणीसाठीं आपली झोंप मोडत नाहीं. जागें असतां पोटऱ्या हलवाव्या, मधून मधून चार पावलें चालावें; फार वेळ निश्चल बसल्यानें पायांत रक्त गोठण्याचें भय असतें. झोंपेच्या गोळ्या शेजाऱ्यानें दिल्या म्हणून घेऊं नयेत. त्या डॉक्टरांस विचारूनच घ्याव्या, आणि उतारवयांत तर विशेषच.

बाजारांत यासाठीं मानेचीं कडीं, डोळ्यांच्या पट्ट्या, कानांतले बोळे असें पुष्कळ सामान मिळतें, आणि आम्हीं तें सर्व विकत घेतलें. आमच्या सौ.नीं एक जाडसर शाल घेतली. ती त्यांनीं लहानपणीं जत्रेहून परततांना बैलगाडींत गुंडाळून घेत तशी डोक्यावरून, कानांवरून आणि मानेभोंवतीं लपेटली, आणि आम्ही आमच्या सामानाचे खोके उघडतों आहों तोंच त्यांना झोंप लागली. शालींत पट्टी, बोळे आणि कडें हीं तिन्हीं होतीं.

परंतु त्या झोंपेचें रहस्य केवळ शालींत नव्हतें, असें विचारान्तीं आम्हांस वाटूं लागलें. बैलगाडींत माणूस निर्धास्त झोंपे, कारण बैलांना वाट ठाऊक असे आणि हांकणारा घरचा असे. गांवांत रात्रीं जागल्या हाळी देत फिरे. ती हाळी मोठी असे, पण तिनें कोणाची झोंप मोडल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं; उलट ती ऐकून लोक कूस बदलून पुन्हां निजत. कोणीतरी जागें आहे, या खात्रीवर गांव झोंपे. परक्या जागीं ही खात्री नसते. अमेरिकेंतील ब्राऊन विद्यापीठांतल्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें कीं, नव्या जागीं पहिल्या रात्रीं माणसाच्या मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याहून सावध झोंपतो. म्हणजे विमानांत झोंप न येणें हा भित्रेपणा नव्हे. बाहेर जागल्या दिसला नाहीं म्हणून मेंदूनें आपल्यातल्याच निम्म्यास गस्तीवर पाठविलेलें असतें. या गस्तवाल्याची समजूत घालावयाची तर त्यास खरी माहिती द्यावी. इतक्या लांबच्या उड्डाणांत दोनांहून अधिक वैमानिक असतात. ते पाळीपाळीनें निजतात, त्यांच्यासाठीं वेगळी शय्या असते, आणि त्यांनीं किती तास काम करावें व किती विसांवा घ्यावा याचे कायदे आहेत. तो दरवाजा बंद असतो म्हणून हाळी ऐकूं येत नाहीं, एवढेंच. खुद्द उडणाऱ्यालाहि झोंप चुकत नाहीं. फ्रिगेट नांवाचे समुद्रपक्षी दिवसचे दिवस न उतरतां उडत राहतात. गालापागोस बेटांवरील अशा पक्ष्यांच्या मेंदूंची नोंद घेतां असें दिसलें कीं, हवेंत ते दिवसाकाठीं सरासरी अवघीं बेचाळीस मिनिटें झोंपतात, आणि घरट्याशीं परतल्यावर बारा तासांहून अधिक. हें संशोधनहि २०१६ सालचेंच. घरट्यांतली झोंप ती खरी, हा न्याय पांखरांतहि आहे तर!

आम्ही ज्या प्रवासासंबंधानें हें लिहीत आहों तो आमच्या कन्येच्या बाळंतपणाचा होता. आम्ही पोहोंचलों तेव्हां बाळ तीन आठवड्यांचें होतें, आणि त्या तीन आठवड्यांत पोरीला सलग तीन तासांची झोंप मिळालेली नव्हती. तिचे डोळे पाहिल्यावर आमच्या खुर्चीची, मानेची आणि पायांची सर्व गाऱ्हाणीं आम्हीं मनांतल्या मनांत मागें घेतलीं. लवकर पूर्ववत् व्हावें आणि तिच्या उपयोगीं पडावें, एवढीच इच्छा होती. पण त्या पहिल्या रात्रीं दोन वाजतां आम्ही टक्क जागे! सुप्यांत तेव्हां सकाळचे साडेअकरा वाजले होते. आमचें घड्याळ वर्गावर जाण्याच्या तयारींत होतें. तेवढ्यांत पलीकडच्या खोलींत बाळानें सूर लावला. नवजात अर्भकास दिवस-रात्र समजत नाहीं. त्याचें घड्याळ जुळावयास दोन-तीन महिने लागतात. त्या सबंध घरांत, किंबहुना त्या सबंध गल्लींत, रात्रीस दिवस समजणारे आम्ही दोघेच होतों. सर्वांची रात्र असतां जो जागा असतो त्या संयमी पुरुषाचें वर्णन गीतेंत आहे; तें पद आम्हांस जेट लॅगनें अनायासें मिळवून दिलें. आम्हीं पोरीला उठूं दिलें नाहीं. बाटलींत काढून ठेविलेलें दूध बाळास पाजलें, खांद्यावर घेतलें, आणि पहांटेपर्यंत येरझारा घातल्या. खांदा पुन्हां एकदां सार्वजनिक झाला. पोरगी सहा तास हललीहि नाहीं.

बाळ खांद्यावर असतांनाच सुप्याहून आईचा फोन आला. तिचें वय ऐंशीच्या पुढें. आम्ही नगरला गेलों काय किंवा सातासमुद्रांपलीकडे गेलों काय, तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “झोंप झाली का रं नीट?” आमची नव्हे, पण पोरीची होत आहे, असें आम्हीं हळू आवाजांत सांगितलें. आई क्षणभर थांबली, आणि म्हणाली, “तुझ्या येळंला तुझी आजी बसायची बघ अशी. म्हणायची, तू नीज, मी हाय.” आजीबद्दल आई सहसा चांगलें बोलत नाहीं. सासूसुनेचें त्या दोघींचें चाळीस वर्षांत फारसें जमलें नव्हतें. पण ते चार शब्द तिनें पन्नास-पंचावन्न वर्षें जपून ठेविले होते.

परतीचा प्रवास पूर्वेकडचा, आणि तो अधिक कठीण. मनुष्याच्या देहाचें घड्याळ मूळचेंच चोवीस तासांहून किंचित् मंद चालणारें; त्यास दिवस लांबविणें जमतें, आंखडणें जमत नाहीं. सकाळीं उन्हांत फिरावें, दुपारीं निजूं नये, हा शास्त्रोक्त सल्ला आम्हांस पाठ होता, आणि सुप्यास आल्यावर चौथ्या दिवसापासून आम्हीं तो पाळलाहि. पहिले तीन दिवस मात्र दुपारीं दोन वाजले कीं, न्यू जर्सीची पहांट आमच्या डोळ्यांवर येऊन बसे, आणि ओसरीवरच्या बाजेवर आम्ही आडवे होऊं. गल्लींतलीं पोरें त्या वेळीं आमच्याच अंगणांत खेळत असत, आणि आई उंबऱ्यांत काठी घेऊन बसून “गलका करूं नगा रं” म्हणून तीं तिन्हीं दुपारीं त्यांना दटावीत होती, असें आम्हांस सौ.नीं मागाहून सांगितलें. आम्हांस त्यांतलें कांहींच ऐकूं आलें नव्हतें.